मोकळी सोडलेली ओळ

कुकटपल्ली, हैदराबाद
११ ऑगस्ट २०२४

अमरदीप,

सप्रेम जयभीम.

तुझा पत्ता सायलीकडून मिळाला. तिच्यावर चिडू नकोस. पीएच.डी.ला तुझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी मुलगी, तुझं गुपित तिनं जीव लावून सांभाळलं होतं. मी दोनदा विचारलं, दोनदा नाही म्हणाली. मग कोठीच्या बाजारात पुस्तकांच्या दुकानापुढे गाठली आणि रस्त्यातच रडायचं नाटक केलं. अर्धं नाटकच होतं. तिला दया येते, तुझ्यासारखी नाही ती.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज पाठवला की दोन निळ्या खुणा येतात, म्हणजे वाचतोस, आणि पुढे सगळं शांत. म्हणून हा कागद. टेलिफोन ऑफिसात जन्म गेला लोकांचे कॉल जोडून देण्यात, आणि पोटच्या पोराशी बोलायला पोस्टाची पेटी शोधावी लागली. आपल्या कॉलनीतली पेटी गंजलीय. सिकंदराबादला जाऊन टाकणार आहे.

अल्मोड्याच्या शाळेत इंग्रजी शिकवतोस एवढं कळलं. पोरं ऐकतात का तुझं? तू घरात कुणाचं ऐकलं नाहीस, त्यामुळे विचारते. थंडी फार असेल तर तुझा निळा स्वेटर कपाटात आहे, पाठवते. जेवायला काय असतं? वरण पातळ करत असतील, तिकडे तसंच करतात म्हणे.

इकडे सगळं बरं आहे. पप्पा बरे आहेत. सकाळी फिरायला जातात, पार्कात बसून राजकारणावर भांडतात, घरी येऊन दोन पोळ्या जास्त खातात. गच्चीवरच्या कूलरला झाकण घातलंय. तुझी खोली तशीच आहे, फक्त त्यात आता मी अभ्यासाला, म्हणजे वाचायला बसते.

आणि हो, तुमच्या विभागाच्या जिन्याखाली मांजर व्यायलंय. वॉचमननं पिल्लांना प्राध्यापकांची नावं ठेवलीत. सगळ्यात लठ्ठ आहे ते विभागप्रमुख.

मला कसं माहीत, असं मनात आलं ना? मग विचार. पत्र लिहून विचार.

तुझी मम्मी


८ सप्टेंबर २०२४

अमरदीप,

विचारलं नाहीस. ठीक आहे, मीच सांगते. पोटात ठेवून पोट फुगायला लागलंय.

मी एम.ए.ला प्रवेश घेतलाय. इंग्रजी साहित्य. तुझ्याच विद्यापीठात, तुझ्याच विभागात.

हसू नकोस. हसलास तर हसलास, तेवढं तरी कळव. माझं बी.ए. पत्रद्वारा झालेलं तुला आठवत असेल, तू सातवीत होतास आणि माझ्या पुस्तकांवर मिशा काढायचास. तेच कागद घेऊन गेले. प्रवेश परीक्षेच्या हॉलमध्ये एका मुलीनं मला सुपरवायझर समजून पुरवणी मागितली. मी म्हटलं, बाई, माझ्याकडे असती तर मीच लिहिली नसती का.

का, ते सांगते. घरी राहून पेन्शन खायचा कंटाळा आला, असं मी सगळ्यांना सांगितलंय. तुला खरं सांगते. तू सात वर्षं ज्या इमारतीत जात होतास आणि एक दिवस जी सोडून निघून गेलास, ती आतून कशी आहे ते मला बघायचं होतं. तुझ्याकडून कळायची आशा सुटली, म्हटलं आपणच जावं.

पप्पा म्हणाले, “या वयात काय वाचायलीस?” आणि दुसऱ्या दिवशी जाऊन माझा बसपास काढून आणला. तुला त्यांचा स्वभाव माहीत आहे. एक दिवस उशीर झाला म्हणून ऑटो केला, तर ऑटोवाला विचारतो, “अम्मा, पढाते क्या आप?” मी म्हटलं, पढाती नै, पढती. त्यानं आरशातून बघितलं. “इत्ती उमर में कैकू?” त्याला काय सांगणार? म्हटलं, बेटा भाग गया, उसकी कुर्सी खाली थी. उतरताना त्यानं पैसे घेताना हात जोडले. वेडाच.

वर्गात मी पहिल्या बाकावर बसते, मागचं ऐकू येत नाही. पोरं आधी आंटी म्हणायची. आता अपर्णा नावाची वरंगळची मुलगी आहे, तिनं सगळ्यांना दम दिला, त्यामुळे आता तेलुगूत मानानं माधवीगारू झालेय. मला बरं वाटतं. ऑफिसात तीस वर्षं मॅडम म्हणाले तरी एवढं बरं वाटलं नव्हतं.

पहिल्या दिवशी पद्मावती मॅडमनी हजेरी घेतली. माझ्या नावापाशी थांबल्या. “वाघमारे? अमरदीपच्या कोण?” मी म्हटलं, आई. त्यांनी हजेरीचा कागद खाली ठेवला. तास संपल्यावर केबिनमध्ये बोलावून पाणी दिलं आणि विचारलं, “तो बरा आहे ना? मला वाटलं तुम्हाला माहीत असेल.” मी म्हटलं, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. तुझ्या गाईड आणि तुझी आई, दोघी एकमेकींकडे बघत बसलो.

सोबत माझा पहिला निबंध पाठवतेय. विषय: पत्रांतून सांगितलेल्या कादंबऱ्या. मॅडम म्हणतात, अशा कादंबरीत पत्र लिहिणाऱ्यावर पुरता विश्वास ठेवायचा नाही. तो काय सांगत नाही तिकडे लक्ष ठेवायचं. मी म्हटलं, मग मराठी आयांची पत्रं वाचा, त्यात नुसता वरणभातच असतो. वर्ग हसला. निबंध तपासून पाठव. तू शिक्षक आहेस, मी विद्यार्थिनी. मुलगा म्हणून पाठवू नकोस हवं तर.

तुझी मम्मी


२० ऑक्टोबर २०२४

अमरदीप,

गेल्या आठवड्यात धम्मचक्र प्रवर्तन दिन झाला. मंडळाच्या हॉलमध्ये वंदना झाली, खीर झाली, गुणवंतांचे सत्कार झाले. मी मागे खुर्चीवर बसले होते, आणि दोन वर्षांपूर्वी तू त्याच स्टेजवर उभा होतास, तेच दिसत होतं. त्या दिवसाबद्दल आपण एक शब्द बोललो नाही. आज मी बोलणार आहे. कागद तुला फाडायचा तर वाचून मग फाड.

मला पद्मावती मॅडमनी परवा सांगितलं. प्रबंध देण्याआधी सगळ्यांसमोर जो सेमिनार द्यावा लागतो, तो तू दिलास, आणि त्यात तुला दोन प्रकरणं नव्यानं लिहायला सांगितली. मॅडम म्हणाल्या, हे रोजचंच आहे, सहा महिन्यांचं काम होतं, मी त्याची वाट बघत बसले. मी केबिनमध्ये बसून ऐकत होते आणि माझ्या कानाच्या पाळ्या गरम होत होत्या. कारण आम्हाला हे ठाऊकच नव्हतं रे.

आम्हाला काय माहीत होतं? तू फोटो पाठवलास. कोट घातलेला तू, मागे पडद्यावर तुझं नाव, बाजूला सगळे प्राध्यापक, हातात समोशाच्या प्लेटा. माणूस गुरुजनांसमोर तासभर उभा राहून बोलला, त्यांनी हात मिळवला आणि समोसे खाल्ले. आपल्या घरात याला पास होणं म्हणतात. पप्पांनी रेल्वेच्या वर्कशॉपात जन्म काढला. तिथं साहेबांनी डबा तपासला, हात मिळवला की डबा रुळावर जातो, पुन्हा कुणी विचारत नाही. ते फोटो घेऊन तसेच नामदेवरावांकडे गेले. मंडळाच्या अध्यक्षाला यापेक्षा मोठी बातमी कोणती? आपल्या माणसांतला हैदराबादेतला पहिला इंग्रजीचा डॉक्टर. दुसऱ्या दिवशी फ्लेक्स छापून आलं. माणसाच्या दुप्पट उंचीचा तू, आणि वर “डॉ. अमरदीप सूर्यभान वाघमारे”. एक बसस्टॉपजवळच्या खांबावर, एक हॉलमध्ये.

तुला आम्ही कार्यक्रमाचं सांगितलंच नाही, नुसतं जेवायला ये म्हटलं. पप्पांना तुझा चेहरा बघायचा होता. बघितला. तू शाल घेतलीस, गुच्छ घेतलास, माइकवर “धन्यवाद” म्हणालास आणि खाली बसलास. मला वाटलं, लाजला. पंधरा दिवसांत तू गाव सोडलंस.

मला तुझा राग येतो, अमरदीप. खरंच येतो. एक ओळ बोलायची होती. घरी येऊन, स्वयंपाकघरात, माझ्या कानात तरी. तू कादंबऱ्यांतल्या माणसांच्या मनातलं पानंच्या पानं उलगडून दाखवतोस आणि स्वतःची एक ओळ तुझ्या तोंडातून निघत नाही.

असो. खीर चांगली झाली होती.

तुझी मम्मी


१५ डिसेंबर २०२४

अमरदीप,

पाकीट आलं!

तुझं अक्षर पाकिटावर बघून मी जिन्यातच बसले. वरच्या मजल्यावरच्या आंटी विचारायला लागल्या, चक्कर आली का. उघडून बघते तर पत्र नाही. माझाच निबंध, आणि त्यावर हिरव्या शाईनं तू चढवलेला हल्ला. लाल पेन तुला पहिल्यापासून आवडत नाही, ते लक्षात आहे माझ्या.

शाळेतल्या पोरांची दया आली मला. पहिल्याच परिच्छेदात तीन जागी “हे कशावरून?” दुसऱ्या पानावर “फार गोड, कापा”. तिसऱ्यावर “इथे तुम्ही विषयाला घाबरून पळालात”. कोण बोलतंय बघा! आणि शेवटी बी उणे. पद्मावती मॅडमनी मला ए दिला होता. मी त्यांना तुझा हिरवा निबंध दाखवला. त्या चष्मा काढून वाचत बसल्या, मग म्हणाल्या, “बी उणेच बरोबर आहे. मी तुमच्या वयाला ए दिला.” पण हसत होत्या, आणि डोळे पुसत होत्या.

मी तो पुन्हा लिहिला. पळाले होते तिथे थांबले. तुझं खरं होतं.

आता मीही एक कबूल करते, कारण लिहिणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही हे तुला चांगलंच माहीत आहे. पप्पा बरे आहेत असं मी पहिल्याच पत्रात लिहिलं. त्यांचे दोन्ही डोळे अधू झाले होते. दिवाळीनंतर मोतीबिंदू काढला, आधी एक, मग दुसरा. सगळं नीट झालं. डॉक्टरनं पट्टी काढल्यावर पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाले, “तू म्हातारी झालीस की गं.” मी म्हटलं, आरसा आणू का? तुला कळवलं नाही, कारण आजारपणाच्या बातमीवर तुला बोलवायचं नव्हतं. तसा तू आला असतास, मला माहीत आहे. डोळे बघून परत गेला असतास.

आणि कूलरचं झाकण. ते तुझंच फ्लेक्स आहे. खांबावरचं पप्पांनीच उतरवून आणलं. तुझा चेहरा आतल्या बाजूला करून बांधलंय, उन्हानं उडू नये म्हणून. मॅडमचं बोलणं मी त्यांच्या कानावर घातलंय, तरी ते अजून सगळ्यांना सांगतात, डॉक्टर बाहेरगावी असतात. काय करतील? एकदा सांगून बसले. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी गुडघ्याचा एक्सरे आणून ठेवलाय, डॉक्टर आले की दाखवू म्हणून. मी किती समजावलं.

म्हणून तू येत नाहीस, हे मला आता कळतं. रस्त्यात पावला-पावलावर कुणीतरी डॉक्टर म्हणणार, आणि तू दर वेळी एक तर खोटं बोलणार, नाही तर बापाला खोटं पाडणार. मला यातून वाट दिसत नाही. पण मला तू घरी हवा आहेस. एवढंच मला हवं आहे, बाकी एम.ए.बिम.ए. सगळं त्याच्या मागून.

स्वेटर पाठवलाय. कोपरावर रफू केलंय, दिसत नाही.

तुझी मम्मी


९ फेब्रुवारी २०२५

अमरदीप,

या सत्रात लेखनाचा पेपर घेतलाय. त्याचं वर्कशॉप असतं. पप्पांनी विचारलं, “वर्कशॉप? तिथं काय दुरुस्त करतेत?” मी म्हटलं, गोष्टी. म्हणाले, “मग हातोडी लागत नसंल.” त्यांना काय माहीत.

तू केलेलाच आहेस तो पेपर, नियम तुला पाठ असेल. आपली गोष्ट आदल्या आठवड्यात सगळ्यांना वाटायची. मग वर्ग तासभर तिच्यावर बोलणार, आणि जिची गोष्ट आहे तिनं तोंड उघडायचं नाही. खुलासा नाही, “अहो, तसं नव्हतं” नाही. शेवटी फक्त एक प्रश्न विचारायची परवानगी. मी आयुष्यात असा तास काढला नव्हता. टेलिफोनवर असताना दुसऱ्यांचं बोलणं कानावर पडलं तरी गप्प राहायची सवय होती, पण ते दुसऱ्यांचं होतं. हे माझं होतं.

मी फ्लेक्सची गोष्ट लिहिली. नावं बदलली, पण खांब तोच, खीर तीच, समोसे तेच. मला ती विनोदी वाटत होती. पोरं हसलीही. समोशांवर हसली, एक्सरेवर तर एक मुलगा बाकावर डोकं टेकून हसला. मी फुगून बसले होते. मग अपर्णानं कागद खाली ठेवला आणि म्हणाली, “गोष्ट छान आहे. पण मला एक कळत नाही. बाप बोलतो, आई बोलते, अध्यक्ष बोलतात, फ्लेक्ससुद्धा बोलतं. मुलगा एकदाही बोलत नाही. लेखिकेला माहीत नाही का तो काय म्हणेल?”

तासभर मी गप्प बसलेच होते, पण ते नियमानं. आता खरंच बोलता येईना. दोन वर्षं मी तुझ्यावर चिडले, की एक ओळ बोलायची होती. आणि आता माझ्याच गोष्टीत, माझ्याच हातात पेन असताना, ती ओळ मला लिहिता आली नाही. मी तुझी आई. तू किती वाजता झोपतोस, कोणती भाजी बाजूला काढतोस, सगळं मी सांगेन. आणि त्या स्टेजवर शाल खांद्यावर पडताना तुझ्या तोंडात काय आलं होतं, ते मला ठाऊक नाही.

शेवटी मॅडमनी विचारलं, तुमचा प्रश्न? मी म्हटलं, त्यानं काय म्हटलं असतं? मग सगळ्यांनी सुचवायला सुरुवात केली. एकानं लांबलचक भाषण सुचवलं, समाज, शिक्षण, ओझं, असं काय काय. एकीनं शिवी सुचवली. तू शिवी देणार नाहीस, आणि भाषण तर त्याहून नाही. मी सगळं लिहून घेतलं आणि घरी येऊन सगळ्यावर काट मारली.

गोष्ट सोबत पाठवतेय. इंग्रजीतच आहे. चौथ्या पानावर मुलगा माइक हातात घेतो, तिथे मी एक ओळ मोकळी सोडलीय. “धन्यवाद” खोडून टाकलाय. हिरव्या पेनानं बाकीच्या चुका काढ, मार्क दे, काय हवं ते कर. पण ती ओळ माझ्यानं होणार नाही. ती तुझी आहे.

मी आता गप्प बसते. नियमच आहे तसा.

मम्मी


१६ मार्च २०२५

अमरदीप,

काल गोष्ट परत आली.

बी अधिक. माझी प्रगती आहे.

चौथं पान मी उभ्यानंच उघडलं. सगळ्या खुणा इंग्रजीत, आणि त्या मोकळ्या ओळीवर तुझं मराठी अक्षर. शाळेतल्यासारखं, अर्धवट वळणाचं. मराठी लिहायची सवय गेलीय तुझी.

“पप्पा, अजून झालं नाही.”

एवढंच. मी किती वेळ तो कागद धरून उभी होते कोण जाणे. दूध उतू गेलं. भाषण नाही, राग नाही, कुणाला बोल लावणं नाही. पहिला शब्द पप्पा. मी दोन वर्षं समजत होते की तुला लोकांना काहीतरी सांगायचं होतं.

पप्पा पार्कातून आले. मी त्यांना बसवलं आणि गोष्ट पहिल्यापासून मराठीत सांगत वाचून दाखवली. त्यांना इंग्रजी येत नाही आणि मला वाचता वाचता भाषांतर करता येत नाही, त्यामुळे मधेच अडखळत होते. त्यांनी एकदाही टोकलं नाही. समोशांवर हसले नाहीत. चौथ्या पानाशी मी कागदच त्यांच्या हातात दिला. म्हटलं, ही ओळ तुम्हीच वाचा, मराठीत आहे. नव्या डोळ्यांनी त्यांनी ती वाचली. बोटानं ओळीखालून सरकत, परत पहिल्यापासून.

म्हणाले, “हे पोरानं लिवलं?”

मी म्हटलं, हो.

“मला म्हणायचं होतं का त्याला? मला?”

मी हो म्हटलं. मग ते उठून गच्चीवर गेले. जेवायला हाक मारली तरी खाली येईनात, म्हणून मी वर गेले. कूलरवरचं फ्लेक्स त्यांनी सोडून फरशीवर पसरलं होतं, तुझा चेहरा वर करून, आणि माझ्या शिवणाच्या कात्रीनं तुझ्या नावाआधीचं “डॉ.” कापत होते. अगदी बारकाईनं, नावाच्या अक्षराला धक्का न लागू देता. कात्रीची धार गेली ती गेलीच. मग पुन्हा कूलरवर बांधलं, या वेळी चेहरा बाहेर. आता कूलरवर पाणी त्या भोकातून गळेल, पण मी काही बोलले नाही.

गप्प राहायचं मला जमायला लागलंय बघ.

मम्मी


१५ एप्रिल २०२५

अमरदीप,

काल जयंती झाली. जे झालं ते तुला आमच्याआधी कुणी सांगू नये म्हणून सकाळीच लिहायला बसलेय. पप्पा समोर चहा घेऊन बसलेत आणि पेन किती चालतंय ते बघतायत.

हॉल भरला होता. बाबासाहेबांच्या फोटोला हार घालून झाला, पोरांची भाषणं झाली, आणि मी आत शिरतानाच बघितलं होतं की स्टेजमागे नवं फ्लेक्स आहे. माझं. “सौ. माधवीताई सूर्यभान वाघमारे, एम.ए. इंग्रजी, हार्दिक अभिनंदन.” नामदेवरावांची हौस. मी विद्यापीठात जाते हे त्यांनी ऐकलं, आणि जाते म्हणजे झालंच, असं धरून छापून टाकलं. माझं पहिलंच वर्ष अजून संपायचंय.

नाव पुकारलं. “डॉक्टर अमरदीप यांच्या मातोश्री,” असंही म्हणाले. मी स्टेजवर गेले. अमरदीप, ती शाल किती गरम असते! समोर सगळी आपली माणसं, आणि सगळी इतकी खूश. नामदेवरावांच्या म्हाताऱ्या आईनं दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्या. माझ्या हातात माइक आला, आणि तोंडातून “धन्यवाद” बाहेर पडायच्या बेतात होतं. खरंच होतं. धन्यवाद म्हणून खाली बसणं किती सोपं असतं ते मला तिथं कळलं. तुझ्यावर जेवढी चिडले होते ते सगळं मी परत घेते.

मी म्हटलं, “नामदेवराव, अजून झालं नाही. एक वर्ष राहिलंय. झालं की मीच सांगेन.”

आधी कुणीतरी हसलं, मग सगळे हसले. नामदेवराव म्हणाले, “मग आगाऊ समजा, ताई!” आणि मी शाल घडी करून त्यांच्या हातात परत दिली. तेवढ्यात बघते तर पप्पा जिना चढून वर आलेले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. माझ्या हातातला माइक घेतला. तुला माहीत आहे, ते आयुष्यात माइकवर बोललेले नाहीत.

म्हणाले, “जयभीम. दोन वर्सांमागं म्या तुम्हाला सांगितलं, पोरगा डॉक्टर झाला. ते पोरानं सांगितलं नव्हतं, म्या सांगितलं. त्यानं फोटो पाठवला आन् म्या उड्या मारल्या. तो झाला नाही. शाळेत लेकरांना इंग्रजी शिकवतो. पुढं होईल का नाही, ते त्याचं त्यानं बघावं. आता तो घरी आला तर त्याला अमरदीप म्हणा. डॉक्टर म्हणू नका. म्या बी म्हणत नाही आता.”

नामदेवरावांची आई खालूनच ओरडली, “अरं, मास्तर झालंय की लेकरू! मग रडायचं काय त्यात?” आणि लोक टाळ्या वाजवायला लागले. पप्पा कुणाकडे न बघता उतरले आणि सरळ पाणी प्यायला गेले. घरी येताना बसमध्ये माझ्या हातातली पिशवी त्यांनी घेतली.

खालच्या काकूंना मी त्यांचा एक्सरे परत करून आलेय.

पद्मावती मॅडम म्हणतात, ती दोन प्रकरणं कधीही लिहून दे, नाही तर देऊ नकोस. त्यांच्या दारात तुला चहा आहे. हा निरोप त्यांचा. माझा निरोप काही नाही. मी तुला ये म्हणणार नाही, मी दोन वर्षं तेच म्हणत होते.

आता पत्र मिटणार होते तर पप्पांनी विचारलं, “त्याचा तो कागद कुठाय? चौथं पान.” मी काढून दिला. त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं, चष्म्यासाठी खिसा चाचपला, मग आठवलं की आता लागत नाही, आणि तुझ्या ओळीखाली हळूहळू लिहिलं. लिहून होईपर्यंत मला बघू दिलं नाही. पान सोबत घातलंय, पण टपालाचा भरवसा नाही, म्हणून इथेही उतरवते. तू लिहिलं होतंस, “पप्पा, अजून झालं नाही.” त्याखाली त्यांनी लिहिलंय:

“बरं. जेवायला ये.”